किल्ली : आकारापासून अंकापर्यंत

प्रस्तावना

आपल्या प्रत्येकाच्या घरात किल्ल्यांचा एक जुडगा असतो. घराच्या कुलपाची, कपाटाची, सायकलची, दुकानाच्या शटरची अशा निरनिराळ्या किल्ल्या त्यात एकत्र नांदत असतात. किल्ली हाताशी असते तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती हरवली म्हणजे मात्र तिचे मोल कळते. मोटारीची किल्ली हरवली तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण आजच्या मोटारीची किल्ली हा केवळ कापलेला धातूचा तुकडा राहिलेला नाही. तिच्या पोटात एक गुप्त अंक दडलेला असतो. तो अंक कशासाठी असतो, तो कसा काम करतो आणि किल्ली हरवल्यास कोणती पावले उचलावीत, याची माहिती या पाठात आपण घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• कुलूप व किल्ली यांच्या रचनेतील मूळ तत्त्व सांगता येईल;
• मोटारीच्या किल्लीतील चिप, रिमोट आणि पाते यांची निरनिराळी कामे स्पष्ट करता येतील;
• किल्ली हरवल्यास करावयाच्या गोष्टी योग्य क्रमाने लिहिता येतील;
• किल्ली हरवल्याची सूचना देणारा अर्ज लिहिता येईल;
• कुलूप-किल्लीशी संबंधित शब्द व वाक्प्रचार यांचा वापर करता येईल.

मूळ पाठ

१. कुलपाचे जुने तत्त्व

माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली आणि दाराला अडसर घालण्याची गरज निर्माण झाली. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी कुलपे वापरात होती. दाराच्या आडव्या दांड्यात भोके असत आणि वरून लाकडी खुंट्या त्या भोकांत पडत. खुंट्या पडल्या की दांडा अडकून बसे. खुंट्यांच्या जागा नेमक्या ओळखणारी दातेरी काठी खालून घालून वर उचलली की सर्व खुंट्या उचलल्या जात आणि दांडा सरकवता येई. ती दातेरी काठी हीच त्या काळची किल्ली.

हेच तत्त्व अमेरिकेतील लायनस येल धाकटा याने १८६० च्या दशकात धातूच्या लहानशा कुलपात उतरवले. कुलपाच्या पोटात कमीअधिक लांबीच्या खुंट्या असतात. प्रत्येक खुंटी दोन तुकड्यांची असते. योग्य किल्ली आत गेली की तिच्या दात्यांमुळे सर्व खुंट्यांचे सांधे एका रेषेत येतात आणि कुलूप फिरते. एकही दाता चुकला तर कुलूप जागचे हलत नाही. मोटारीच्या कुलपात बहुधा खुंट्यांऐवजी पातळ पट्ट्या असतात, पण तत्त्व तेच असते.

आपल्या देशात अलीगढ हे कुलपांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली लालबाग भागात कुलपे बनवण्याचा कारखाना काढला. परदेशी कुलपांच्या तोडीचे कुलूप येथेही बनू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

२. आकाराची मर्यादा

किल्लीचे रहस्य तिच्या आकारात असते, तेव्हा एक साधे गणित करून पाहावे लागते. समजा, एका किल्लीवर दात्यांसाठी सहा जागा आहेत आणि प्रत्येक जागी खाच चार प्रकारच्या खोलीची असू शकते. मग एकूण किती निरनिराळ्या किल्ल्या बनतील? चारला चारने सहा वेळा मांडून गुणले तर उत्तर येते ४,०९६. गाड्या मात्र लाखांनी विकल्या जातात. म्हणजे एकाच आकाराची किल्ली अनेक गाड्यांना लागणार, हे उघड आहे. त्यातच किल्ली आणि कुलूप दोन्ही झिजली की एका गाडीची किल्ली दुसरीला लागण्याचा संभव वाढतो.

दुसरी अडचण याहून मोठी होती. जुन्या गाड्यांत किल्लीचे काम एवढेच असे की, ती फिरवली म्हणजे विजेच्या दोन तारा जोडल्या जात आणि इंजिन चालू होई. चोराला कुलूप उघडण्याची गरजच नव्हती. कुलपामागच्या तारा ओढून एकमेकींना जोडल्या की गाडी चालू होत असे. दाराशी पहारेकरी बसवावा आणि मागची भिंत मोकळी ठेवावी, तशी ही स्थिती होती.

पाठगत प्रश्न १
(अ) येलच्या कुलपातील खुंटी किती तुकड्यांची असते?
(आ) जुन्या गाडीच्या चोराला कुलूप उघडण्याची गरज का नव्हती?

३. किल्लीच्या पोटातील चिप

या अडचणीवर विसाव्या शतकाच्या अखेरीस उपाय निघाला. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी चिप बसवण्यात आली. तिला ट्रान्सपाँडर म्हणतात. गाडीतील ज्या यंत्रणेशी ती बोलते, तिला इमोबिलायझर, म्हणजे गाडीला जागचे हलू न देणारी यंत्रणा, असे नाव आहे.

या चिपला स्वतःचा सेल नसतो. गाडीच्या कुलपाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. किल्ली आत घातली की त्या वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रातूनच चिपला क्षणभर पुरेल एवढी वीज मिळते आणि ती जागी होते. सामान्यतः या संभाषणासाठी १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरल्या जातात.

चिप जागी झाली की प्रश्नोत्तरे सुरू होतात. वाड्याच्या दारावरील पहारेकऱ्याची कल्पना करावी. पहारेकऱ्याने रोज एकच परवलीचा शब्द विचारला, तर आडोशाला उभा असलेला माणूस तो ऐकून ठेवील आणि उद्या तोच शब्द सांगून आत शिरेल. म्हणून शहाणा पहारेकरी दर वेळी नवा प्रश्न विचारतो. त्या प्रश्नाचे उत्तर काढण्याची गुप्त रीत फक्त घरच्या माणसालाच ठाऊक असते. गाडीही अशीच वागते. ती चिपला दर वेळी एक नवी संख्या पाठवते. चिप आपल्याजवळच्या गुप्त अंकाच्या साहाय्याने त्या संख्येवर क्रिया करून उत्तर परत पाठवते. गाडीने स्वतः काढलेले उत्तर आणि चिपचे उत्तर जुळले, तरच इंजिनाला इंधन आणि ठिणगी मिळते. उत्तर चुकले तर किल्ली फिरते, दिवे लागतात, पण इंजिन चालू राहत नाही. तारा जोडून गाडी पळवण्याचा मार्ग अशा रीतीने बंद झाला.

दात्यांच्या किल्लीत काही हजार पर्याय मिळत होते. चाळीस द्विमान अंकस्थानांच्या (प्रत्येक स्थानी ० किंवा १) गुप्त संख्येत सुमारे १ लाख १० हजार कोटी पर्याय मिळतात. असे असूनही २००५ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळा येथील संशोधकांनी अशाच चाळीस स्थानांच्या एका चिपचे रहस्य संगणकाच्या बळावर उलगडून दाखवले. त्यानंतर अधिक लांब गुप्त अंक असलेल्या चिपा वापरात आल्या. कुलूप करणारा आणि कुलूप फोडणारा यांची ही शर्यत जुनीच आहे. फक्त कानशीची जागा आता गणिताने घेतली आहे.

युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर बसवणे बंधनकारक झाले. कॅनडात हा नियम सप्टेंबर २००७ मध्ये आला. अमेरिकेत मात्र तसे बंधन नव्हते. तेथे विकल्या गेलेल्या ह्युंदाई आणि किया या कंपन्यांच्या अनेक साध्या नमुन्यांत ही यंत्रणा बसवलेलीच नव्हती. २०१५ सालच्या इतर कंपन्यांच्या ९६ टक्के नमुन्यांत ती होती; या दोन कंपन्यांच्या मात्र केवळ २६ टक्के नमुन्यांत होती. २०२१-२२ मध्ये ही उणीव चित्रफितींतून सर्वांना कळली आणि किशोरवयीन मुलेसुद्धा त्या गाड्या पळवू लागली. एका लहानशा चिपचे मोल किती, हे तिच्या अभावानेच जगाला दिसले.

४. दुरून उघडणारी किल्ली

किल्लीवरचे बटण दाबून दार उघडणे हे चिपचे काम नव्हे. ते काम रिमोटचे. रिमोटला सेल लागतो आणि तो रेडिओ लहरींनी संदेश पाठवतो. बटण दाबले की दर वेळी संदेशातील सांकेतिक अंक बदलतो, म्हणून कोणी एकदाचा संदेश पकडून ठेवला तरी तो पुन्हा वापरता येत नाही. या पद्धतीला बदलता संकेत असे म्हणता येईल.

त्यापुढची पायरी म्हणजे खिशात ठेवायची स्मार्ट किल्ली. मालक गाडीजवळ आला की दार उघडते आणि बटण दाबले की इंजिन चालू होते. ही सोय मोठी, पण तिच्यात एक कच्चा दुवा आहे. गाडी किल्लीला ओळखते ती तिच्या जवळपणावरून. दोन चोरांपैकी एक घराच्या दाराशी उपकरण घेऊन उभा राहिला आणि दुसरा गाडीजवळ उभा राहिला, तर घरातील किल्लीचा संदेश ते एकमेकांकडे पोहोचवू शकतात. गाडीला वाटते, मालकच आला! २०११ साली स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा नमुन्यांवर हा प्रयोग यशस्वी करून दाखवला. म्हणून अशी किल्ली रात्री दाराजवळच्या खुंटीला न टांगता आतल्या खोलीत, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवणे बरे. डबा उपयोगी आहे की नाही, हे किल्लीसह तो गाडीजवळ नेऊन पाहता येते. दार उघडले नाही, तर डबा चांगला.

तेव्हा आजच्या किल्लीत तीन गोष्टी एकत्र असतात : दार उघडणारे धातूचे पाते, इंजिनाला ओळख पटवणारी चिप आणि दुरून संदेश देणारा रिमोट. तिघांची कामे वेगळी आहेत आणि नवी किल्ली करताना तिन्हींची जुळणी वेगवेगळी करावी लागते. केवळ पाते कापून आणलेल्या किल्लीने दार उघडते, पण गाडी चालू होत नाही. त्याचे कारण हेच.

पाठगत प्रश्न २
(अ) ट्रान्सपाँडर चिपला वीज कोठून मिळते?
(आ) गाडी चिपला दर वेळी नवी संख्या का पाठवते?
(इ) रिमोटचा सेल संपला तरी चिप काम का करू शकते?

५. सेक्टर ६ मधील एक प्रसंग

भिलाई ही पोलादाची नगरी. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांची वसाहत उभी राहिली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. येथे घराचा पत्ता सांगताना सेक्टर, सडक आणि क्वार्टरचा क्रमांक सांगतात.

असे समजू की, सेक्टर ६ मध्ये एक निवृत्त कामगार आणि त्यांची पत्नी राहतात. पत्नीला उपचारांसाठी दर आठवड्याला सेक्टर ९ मधील रुग्णालयात न्यावे लागते. त्यासाठी त्यांनी एक जुनी मोटार विकत घेतली आहे. विकणाऱ्याने एकच किल्ली दिली. दुसरी सापडली की आणून देतो, असे तो म्हणाला, पण ती आलीच नाही. एका संध्याकाळी बाजारात ती एकुलती एक किल्लीही हरवते. किल्लीच्या कडीला एक पत्र्याची चकती असते आणि तिच्यावर सडक आणि क्वार्टरचा क्रमांक कोरलेला असतो.

"अहो, उद्या सकाळी दवाखान्यात जायचं आहे," पत्नी आठवण करून देते.

ओळखीचा एक कारागीर येतो. तो म्हणतो, "काळजी करू नका, दादा. गाडीतली ती चिपची भानगडच काढून टाकतो. साधी किल्ली चालेल. तासाभराचं काम, पैसेही थोडेच."

त्या क्षणी ही सूचना देवदूताच्या वाणीसारखी वाटणे साहजिक आहे. शेजारची मुलगी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटारीच्या विजेचे काम शिकलेली असते. ती म्हणते, "काका, असं करू नका. चिप काढली की गाडी कोणीही पळवील. आणि हरवलेल्या किल्लीवर तुमच्या घराचा पत्ता आहे. उद्या काकूंना रिक्षाने नेऊ, मीही बरोबर येते. किल्लीचं काम मात्र रीतसर करू."

येथे प्रश्न केवळ पैशांचा नाही. एका तासाची सोय आणि अनेक वर्षांची सुरक्षितता यांतील ही निवड आहे. इमोबिलायझर निकामी केलेली गाडी पुन्हा तारा जोडून चालवण्याच्या काळात जाते. पुढे ती चोरीला गेलीच, तर विमा कंपनीही त्या बदलाबद्दल जाब विचारू शकते.

६. रीतसर काम म्हणजे काय?

किल्ली हरवल्यावर पुढील क्रमाने पावले उचलावीत.

पहिले, गाडी सुरक्षित करावी. किल्लीबरोबर पत्ता हरवला असेल, तर गाडी कुंपणाच्या आत किंवा नजरेसमोर ठेवावी आणि चाकाला किंवा सुकाणूला वेगळे कुलूप लावावे.

दुसरे, पोलीस ठाण्यात वस्तू हरवल्याची नोंद करावी आणि त्या नोंदीची प्रत जपून ठेवावी. ही केवळ औपचारिकता नव्हे. पुढे त्या किल्लीचा गैरवापर झाला, तर किल्ली कोणत्या दिवसापासून आपल्याजवळ नव्हती, याचा तो पुरावा असतो.

तिसरे, विमा कंपनीला लेखी कळवावे. काही विमापत्रांत किल्ली बदलण्याचा खर्च देणारे जोडसंरक्षण असते. ते आपल्या विमापत्रात आहे का, हे वाचून पाहावे.

चौथे, गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जावे. नोंदणी प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि विमापत्र बरोबर न्यावे. नोंदणी प्रमाणपत्र बंद गाडीतच राहिले असेल, तर डिजिलॉकरमधील प्रत उपयोगी पडते. नवी गाडी घेताना किल्लीबरोबर अनेकदा सांकेतिक क्रमांक असलेली छोटी पट्टी मिळते. ती असेल तर पाते अचूक कापता येते. ही पट्टी घरी जपावी, गाडीत ठेवू नये.

पाचवे, नव्या किल्लीच्या चिपची गाडीशी ओळख करून द्यावी लागते. हे काम गाडीच्या संगणकाला यंत्र जोडून केले जाते. त्याच वेळी हरवलेल्या किल्लीची ओळख गाडीच्या स्मरणातून पुसून टाकण्यास आवर्जून सांगावे. त्यासाठी घरातील उरलेल्या सर्व किल्ल्या बरोबर न्याव्या लागतात. ओळख पुसली की हरवलेल्या किल्लीने इंजिन चालू होत नाही. पण तिच्या पात्याने दार अजूनही उघडू शकते. म्हणून किल्लीबरोबर पत्ताही गेला असेल, तर दाराची कुलपे बदलण्याचाही विचार करावा.

एक किल्ली शिल्लक असताना दुसरी करून घेणे सोपे असते. सर्व किल्ल्या हरवल्या, तर गाडी ओढून न्यावी लागते, किल्ली मागवण्यात दिवस जातात आणि काही नमुन्यांत इमोबिलायझरचा भागच बदलावा लागतो. खर्चही त्याप्रमाणे वाढतो. साध्या पात्याच्या किल्लीला काही शे रुपये, चिपच्या किल्लीला काही हजार रुपये आणि स्मार्ट किल्लीला त्याहूनही अधिक लागू शकतात. म्हणून दुसरी किल्ली करून घेण्याची योग्य वेळ म्हणजे पहिली हरवण्यापूर्वीची. जुनी गाडी घेताना सर्व किल्ल्या मागून घ्याव्यात. त्या मिळाल्या नाहीत, तर जुन्या ओळखी पुसून घेतल्याशिवाय गाडी खऱ्या अर्थाने आपली होत नाही.

या सर्व कामात एका गोष्टीला मात्र अपवाद आहे. किल्ली आत राहून दार बंद झाले आणि आत मूल अडकले, तर वाट पाहू नये. एप्रिल-मे महिन्यांत छत्तीसगढ आणि विदर्भातील उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. ११२ या क्रमांकावर मदत मागावी आणि मूल गुदमरत असेल, तर मुलापासून दूरची काच फोडावी. काच पुन्हा बसवता येते.

७. किल्ली आणि विमा

गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी सामान्यतः दोन्ही मूळ किल्ल्या मागते. मालकाने निष्काळजीपणे किल्ली गाडीतच ठेवली नव्हती ना, हे तिला पाहायचे असते. हरवल्याची पोलीस नोंद अशा वेळी उपयोगी पडते.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. चोरीची तक्रार पोलिसांकडे ताबडतोब दिली असेल, तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवले या कारणावरून खरा दावा फेटाळता येणार नाही, असे न्यायालयाने २०२० साली म्हटले. चालकाने किल्ली ट्रकमध्येच ठेवल्याने ट्रक चोरीला गेल्याच्या एका प्रकरणात २०२३ साली मालकाला विम्याच्या ७५ टक्के रक्कम देण्याचा निर्णय झाला. म्हणजे निष्काळजीपणामुळे सारा हक्क बुडाला नाही, पण चौथा हिस्सा गेला. "दोनच मिनिटांत येतो" म्हणून किल्ली गाडीत ठेवून उतरणाऱ्यांनी हा हिशेब मनात ठेवावा.

८. कारागिराची नवी विद्या

रस्त्याच्या कडेला किल्ल्यांचे झुबके टांगून बसलेला किल्लीवाला आपल्या परिचयाचा आहे. मध्य भारतात या व्यवसायात शिकलगार समाजातील अनेक कारागीर आहेत. पूर्वी शस्त्रांना धार आणि झिलई देणाऱ्या हातांनी पुढे कानशीने किल्ल्या घडवल्या. कुलपात कोरी किल्ली फिरवून तिच्यावर उमटलेल्या खुणांवरून दाते कापणे, ही दृष्टी आणि स्पर्श यांची विद्या आहे. आता त्यांतील काही जण किल्ली कापण्याच्या यंत्राबरोबर चिपची जुळणी करणारे यंत्रही वापरू लागले आहेत. चिपच्या गाड्या वाढत आहेत आणि ही यंत्रे महाग आहेत. ज्याला नवी विद्या मिळाली नाही, त्याचे गिऱ्हाईक कमी होत जाते.

चांगला कारागीर गिऱ्हाइकाला आधी एक प्रश्न विचारतो : "गाडी तुमचीच कशावरून?" काही जणांना हा अपमान वाटतो. वास्तविक तो आपल्याच संरक्षणासाठी असतो. जो कागद न पाहता आपल्याला किल्ली करून देतो, तो उद्या आपल्या गाडीची किल्ली दुसऱ्यालाही करून देईल. चिपमधला अंक कितीही मोठा असला, तरी शेवटची राखण माणसाच्या प्रामाणिकपणाचीच असते.

पाठगत प्रश्न ३
(अ) हरवलेल्या किल्लीची ओळख पुसल्यानंतरही कोणता धोका उरतो?
(आ) पोलीस नोंदीचा उपयोग कोणता?
(इ) कारागिराने कागदपत्रे मागणे योग्य का आहे?

भाषाभ्यास

(अ) शब्दांचा प्रवास : मराठीत 'किल्ली' आणि 'चावी' हे दोन्ही शब्द रूढ आहेत. 'चावी' हा शब्द पोर्तुगीज भाषेतील 'शावे' या शब्दावरून आला. 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल' या शब्दावरून आला. 'कुफ्ल' मध्ये 'फ' आधी आणि 'ल' नंतर आहे. मराठीत 'ल' आधी आला आणि 'फ' चा 'प' झाला. शब्दातील वर्णांची अशी अदलाबदल होण्याला वर्णविपर्यय म्हणतात.

(आ) वाक्प्रचार : तोंडाला कुलूप लावणे – काहीही न बोलणे. चावी देणे – घड्याळ किंवा खेळणे चालू करणे. (लाक्षणिक) एखाद्याला चिथावणे. हाती गुरुकिल्ली लागणे – सर्व अडचणी सोडवणारा उपाय सापडणे.

उपयोजित लेखन : अर्जाचा नमुना

प्रति,
माननीय ठाणे प्रभारी,
पोलीस ठाणे, ........
विषय : मोटारीची किल्ली हरवल्याची नोंद घेण्याबाबत.

महोदय,
मी, ........, राहणार सेक्टर ६, भिलाई, आपणांस कळवतो/कळवते की, दिनांक ........ रोजी सायंकाळी ........ वाजण्याच्या सुमारास ........ येथे माझ्या मोटारीची (नोंदणी क्रमांक ........) किल्ली हरवली. शोध घेऊनही ती मिळाली नाही. किल्लीसोबत घराचा पत्ता असलेली चकतीही होती. गाडी माझ्या ताब्यात सुरक्षित आहे. कृपया या घटनेची नोंद घेऊन तिची प्रत मला द्यावी, ही विनंती.
सोबत : नोंदणी प्रमाणपत्र व ओळखपत्र यांच्या प्रती.
दिनांक : ........
आपला/आपली विश्वासू,
(सही)

लक्षात घ्या : अर्जात वेळ, स्थळ आणि वाहन क्रमांक स्पष्ट असावेत. ठाऊक नसलेली गोष्ट अंदाजाने लिहू नये.

आपण काय शिकलो?

• जुन्या किल्लीचे रहस्य आकारात होते. नव्या किल्लीचे रहस्य आकार आणि अंक या दोहोंत आहे.
• पाते, चिप आणि रिमोट यांची कामे वेगवेगळी आहेत.
• किल्ली हरवल्यास गाडीची सुरक्षितता, पोलीस नोंद, विमा कंपनीला सूचना, सेवा केंद्र आणि जुनी ओळख पुसणे, हा क्रम पाळावा.
• इमोबिलायझर निकामी करून घेणे स्वस्त वाटले, तरी हिताचे नसते.

पाठान्त प्रश्न

१. 'दाराशी पहारेकरी बसवावा आणि मागची भिंत मोकळी ठेवावी' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. गाडी आणि चिप यांच्यातील प्रश्नोत्तरे पहारेकऱ्याच्या उदाहरणाने समजावून सांगा.
३. सेक्टर ६ मधील प्रसंगात कारागीर आणि शेजारची मुलगी यांनी दिलेल्या सल्ल्यांची तुलना करा. तुम्ही कोणता सल्ला मानला असता? का?
४. किल्लीला पाच जागा आणि प्रत्येक जागी चार प्रकारच्या खाचा असतील, तर किती निरनिराळ्या किल्ल्या बनतील?
५. तुमच्या परिसरातील एखाद्या किल्लीवाल्याची भेट घेऊन त्याच्या व्यवसायात झालेल्या बदलांविषयी दहा ओळी लिहा.
६. किल्ली हरवल्याचे कळवणारे पत्र विमा कंपनीला लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) दोन. (आ) कुलपामागच्या तारा जोडून इंजिन चालू करता येत असे.
२. (अ) कुलपाभोवतीच्या वेटोळ्याने निर्माण केलेल्या चुंबकीय क्षेत्रातून. (आ) एकदाचे उत्तर ऐकून ठेवणाऱ्याला ते पुन्हा वापरता येऊ नये म्हणून. (इ) चिपला वीज गाडीकडून मिळते. ती सेलवर अवलंबून नसते.
३. (अ) किल्लीच्या पात्याने दार उघडले जाण्याचा. (आ) किल्ली कोणत्या दिवसापासून आपल्याजवळ नव्हती, याचा पुरावा मिळतो. (इ) त्यामुळे परक्या माणसाला आपल्या गाडीची किल्ली करून घेता येत नाही.

पाठान्त प्रश्न ४ चे उत्तर : १,०२४.